जिनिंगचे चार काटे अन् एकच रिप्लाय सॉकेट: पुरते का?

पऱ्हाटीवाला (पांढरकवडा)
आमच्याकडच्या एका जिनिंगमध्ये चार वजनकाटे आहेत. हरेक काटा झिरोएमक्यूच्या (प्रोग्रामांमधी निरोप पोचवणारी लायब्ररी) रिक्वेस्ट सॉकेटनं (विनंती पाठवून उत्तराची वाट पाहणारं टोक) कापसाचं वजन अन् ओलावा ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवतो, पावती नंबर मागतो. तिथं उत्तर देणारं रिप्लाय सॉकेट एकच. ते कितीही क्लायंट पाळीपाळीनं घेतं, पण एकाचं उत्तर गेल्याशिवाय दुसऱ्याचा निरोप उचलत नाही. एक नोंद अडकली की चारही काटे उभे, अन् दिवाळीनंतर गाड्यांची रांग रस्त्यावर. अनेकांचे निरोप उचलून ज्याचं उत्तर त्याला पाठवणारं राउटर सॉकेट लावायलाच पाहिजे.

काळी माती
मला नाही पटत, भाऊ. नोंद मिलिसेकंदांत होते. गाडी काट्यावर चढून उतरायला मिनिटं लागतात. उलट एकेकच निरोप येतो म्हणून दोन काट्यांना एकच नंबर जात नाही. राउटरमध्ये निरोप तुकड्या-तुकड्यांत (फ्रेममध्ये) येतो: आधी क्लायंटची ओळख-फ्रेम, मग रिकामी फ्रेम, मग मजकूर. ओळख चुकली तर उत्तर गुपचूप टाकून दिलं जातं. मँडेटरी पर्याय लावला तरच एरर मिळते. हे हंगामात कोण निस्तरणार?

पऱ्हाटीवाला
फ्रेमला हात लावायचं कामच नाही. पुढं राउटर, मागं डीलर (वर्करांना काम वाटणारं सॉकेट), मधात तयार प्रॉक्सी (दोघांमधी निरोप इकडून तिकडं नेणारी). वर्कर (नोंद करणारे प्रोग्राम) आपापल्या रिप्लाय सॉकेटवर जसेच्या तसे. नंबर डेटाबेसच्या सिक्वेन्समधून (दर वेळी नवा नंबर देणारी सोय) काढा.

वणीकर
तुम्ही दोघंही सर्व्हरच पाहून राहिले. लाइन गेली अन् सर्व्हर उत्तराआधी बसला, तर काट्याचं रिक्वेस्ट सॉकेट उत्तराची वाटच पाहत बसतं. उत्तराशिवाय दुसरी विनंती जात नाही. टाइमआउट लावा, लिंगर शून्य ठेवून (न गेलेल्या निरोपासाठी न थांबता) सॉकेट बंद करा, नवं उघडा. नाहीतर रिलॅक्स्ड पर्याय (उत्तराआधीच दुसरी विनंती जाऊ देणारा) घ्या, पण कोरिलेट (उत्तर कोणत्या विनंतीचं ते जुळवणारा) सोबत पाहिजेच. त्याच्याशिवाय जुन्या गाडीचं उशिरा आलेलं उत्तर नव्या गाडीला चिकटू शकते. हमीभावात ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल परत. अशी अदलाबदल शेतकऱ्याला परवडत नाही. शिवाय विनंती दुसऱ्यांदा गेली तर वजन दोनदा चढेल, म्हणून ओळख क्रमांक काट्यानंच द्यावा अन् तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं जुनीच पावती परत करावी.

काळी माती
हे सोळा आणे खरं. एवढं केलं, अन् शेतकऱ्याला जाणारा एसएमएस उत्तरानंतर वेगळ्या पुश सॉकेटवर (फक्त पाठवणारं, उत्तर न मागणारं) टाकला, तर एकच रिप्लाय सॉकेट पुरते.

पऱ्हाटीवाला
वणीकरांचं सगळं घेतो. पण एसएमएस बाहेर काढला तरी मोठा रिपोर्ट चालू असताना डेटाबेसच्या टेबलला लॉक लागला (नवी नोंद अडली) की चारही काटे थांबणारच. मी राउटरवरच ठाम आहे.

काळी माती
मग रिपोर्ट रात्री काढा. काटे तेव्हा बंदच असतात.