मदत हवी आहे : वाहक मांजरीला पिल्ले होऊ द्यावीत का?
न्यू जर्सीतील आमच्या घरी ऑस्ट्रेलियन वंशाची, पारंपरिक चेहऱ्याची बर्मीज मांजरी आहे. घर रिकामे दिसले की ती अक्षरशः हाका मारत फिरते. रक्तातील पोटॅशियम घटून स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराची ती वाहक (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली, स्वतः आजारी नसलेली) असल्याचे चाचणीत कळले. हे सदोष जनुक नसलेल्या बोक्याशी जोडी लावल्यास पिल्लांना आजार होणार नाही, मात्र सरासरी निम्मी वाहक निघतील. तरीही १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या वाँग माऊ या मांजरीपासून उभ्या राहिलेल्या या जातीत जनुकीय वैविध्य मुळातच तोकडे असल्याने, बाहेरून आलेला हा वंश एका जनुकापायी खुंटवणे मला पटत नाही. स्थानिक बोक्याची डोक्याच्या जन्मजात विकृतीसाठीही चाचणी करून घेणारच आहे. वाहक पिल्ले पुढील प्रजननासाठी द्यावीत, की नसबंदीच्या अटीवरच? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.