पोकळ नळी आणि समांतर धागे

तुटलेल्या मज्जातंतूची दोन टोकं पोकळ नळीने जोडता येत असतील तर आत धागे कशाला, असा प्रश्न साहजिक पडतो. अंतर थोडं असेल तर नुसती नळी खरंच पुरते. टोकांतून द्रव झिरपतो, त्यातून फायब्रिनची (रक्त गोठताना जाळं बनवणाऱ्या प्रथिनाची) दोरी तयार होते आणि तिच्या आधाराने श्वान पेशी (Schwann cells, मज्जातंतूला आवरण घालणाऱ्या पेशी) पुढे सरकतात. पण अंतर साधारण ३ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की ही दोरी नीट बनत नाही. मग वाढत्या अ‍ॅक्सॉनला, म्हणजे मज्जापेशीच्या लांब तंतूला, धरायला काही उरत नाही.

धागे हीच उणीव भरून काढतात. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये पॉलिमरचं द्रावण सुईतून उच्च व्होल्टेजने ओढतात, केसापेक्षा कितीतरी बारीक धागा निघतो. तो वेगाने फिरणाऱ्या ड्रमवर गोळा केला की सगळे धागे एका दिशेला बसतात. समांतर धाग्यांवर श्वान पेशी लांबट होऊन धाग्याला धरून पसरतात, विस्कटलेल्या जाळीवर त्याच पेशी वाटेल तिकडे जातात. रसायन तेच, फक्त मांडणी वेगळी! मला हे फार विलक्षण वाटतं.

वेगाबद्दल मात्र अपेक्षा जपून ठेवा. अ‍ॅक्सॉन दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. दंडातल्या जखमेपासून बोटांपर्यंत पोचायला वर्ष सहज जातं, आणि तोवर स्नायू झिजत राहतो. मोठ्या अंतरासाठी आजही बहुतेकदा रुग्णाच्याच पोटरीतली सुरल नर्व्ह नावाचा मज्जातंतू काढून बसवतात. त्यापायी पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना जाते.