रक्तपिपासू नायक, सतरा वर्षांची नायिका आणि मी: पॅरानॉर्मल रोमान्सच्या बाजूने

निशिगंध

पॅरानॉर्मल रोमान्स वाचते असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. 'ते उन्हात चमकणाऱ्या व्हॅम्पायरचं का?' आणि 'अजून?' दोन्हींचं उत्तर हो. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या, व्हॅम्पायर आणि लांडगेमाणसांच्या या प्रेमकथा मी चवीनं वाचते, पुन्हा पुन्हा वाचते, आणि 'डोक्याला ताप नको म्हणून' वगैरे सबब पुढे करत नाही. त्या चांगल्या असतात म्हणून वाचते. टाकाऊही ढिगानं असतात, पण तशा कुठल्या प्रकारात नसतात?

प्रेमकथेला अडसर लागतो आणि तो हल्ली सहजासहजी सापडत नाही. हरवलेलं पत्र, अर्धवट ऐकलेलं बोलणं, यांवर तीनशे पानं काढली तर वाचक म्हणतो, अरे, एक फोन कर ना! पॅरानॉर्मलमध्ये अडसर थेट अंगात असतो. मॅगी स्टीफवॉटरची 'शिव्हर' (2009) घ्या. तिथे माणसाचा लांडगा होतो तो पौर्णिमेला नाही, थंडीनं. पारा उतरला की नायकाचं, सॅमचं, माणूसपण सुटतं. आणि हे कायम चालणार नाही, एका हिवाळ्यानंतर तो परत माणूस होणारच नाही. मग घरातला हीटर, गाडीची काच, चुकून उघडं राहिलेलं दार, सगळ्यालाच धार येते. दोघं नुसती घरात बसलीयत आणि आपण श्वास रोखून वाचतोय.

लेनी टेलरच्या 'डॉटर ऑफ स्मोक अँड बोन'मध्ये (2011) इच्छा विकत मिळतात, पण दातांच्या मोबदल्यात. सगळ्यात मोठी इच्छा हवी असेल तर स्वतःचे सगळे दात स्वतःच्या हातानं उपटून द्यायचे. हे वाचल्यापासून 'तुझ्यासाठी काहीही करीन' म्हणणारे नायक मला फुसके वाटतात.

तर माझी फूटपट्टी ही: नियम काय आहे आणि तो मोडला तर कोणाला काय मोजावं लागतं? मोजावं लागत असेल तर पुस्तक जमतं. नाहीतर मग नुसतेच सुळे आणि गालावरची खळी.

खडूस

फूटपट्टी छान आहे. ती 'ट्वायलाइट'ला लाव बघू.

एडवर्ड कलनचा जन्म 1901 चा. 1918 च्या स्पॅनिश फ्लूत मरता मरता व्हॅम्पायर झाला, म्हणून वय कायमचं सतरा. पुस्तक आलं 2005 मध्ये. म्हणजे शंभरी ओलांडलेला गृहस्थ जीवशास्त्राच्या तासाला शेजारी बसलेल्या मुलीच्या, बेलाच्या, प्रेमात पडतो. चला, तेही सोडून दिलं. पण तो तिला न सांगता रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात तिनं जेकब या लांडगा होणाऱ्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. पुढे बहिणीला पोर्शची लाच देऊन हिच्यावर पहारा बसवतो. सगळं 'काळजी' या नावाखाली. नियम त्याच्या अंगातला आणि किंमत मोजते ती. दर वेळी.

हे प्रेम म्हणून चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचं?

तिरकस

इतकी दशकं शाळेत काढूनही प्राणी मनातलं धड बोलू शकत नाही. शिक्षणव्यवस्थेवर वेगळा धागा काढा.

निशिगंध

@खडूस, इंजिनाचा प्रसंग बेलालाही आवडत नाही. ती चिडते, रागानं खिडकी बंद करते. त्याच भागात पुढे एडवर्डला माघार घ्यावी लागते आणि तो स्वतः तिला जेकबच्या हद्दीपर्यंत सोडायला जातो. तू अर्धाच भाग सांगितलास. जेकब एका तान्ह्या बाळाशी 'इम्प्रिंट' होतो, म्हणजे जन्माची जोडीदार म्हणून तिच्याशी बांधला जातो, त्याचा मात्र बचाव मी करणार नाही. तो चौथा भाग मी घाईघाईनं उलटते.

आणि मी एडवर्डची वकील नाही. पूर्ण प्रकारावर खटला भरताना साक्षीला दर वेळी एकच पुस्तक का येतं? ॲनेट कर्टिस क्लॉजची 'द सिल्व्हर किस' 1990 ची आहे, 'ट्वायलाइट'च्या पंधरा वर्षं आधीची. झोईची आई कॅन्सरनं मरतेय, घरात कोणी तिच्याशी त्याबद्दल बोलत नाही, आणि तिला भेटतो तो मरता न येणारा मुलगा. शेवटी तो सूर्योदय, म्हणजे मरण, स्वीकारतो. मृत्यूबद्दल त्या वयाच्या वाचकाशी इतकं सरळ बोलणारी पुस्तकं थोडी आहेत. त्यात व्हॅम्पायर आहे म्हणून ती हलकी ठरते?

पानोपानी

'मुली कादंबऱ्या वाचून वाहवत जातात' ही काळजी जेन ऑस्टेनच्या काळातही होती. 'नॉर्थँगर ॲबी' 1817 च्या अखेरीस, ती गेल्यावर छापली गेली. नायिका कॅथरीन सतरा वर्षांची, भुताखेतांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या कादंबऱ्यांची वेडी. ऑस्टेन तिची भरपूर थट्टा करते, पण पाचव्या प्रकरणात कथा थांबवून कादंबरी वाचणाऱ्यांची बाजूही घेते.

खडूस

@पानोपानी, उदाहरण माझ्याच उपयोगाचं आहे. त्या पुस्तकांच्या नादानं कॅथरीनला वाटतं की यजमानानं, म्हणजे जनरल टिल्नीनं, बायकोचा खून केला. नंतर तोंडघशी पडते.

पानोपानी

पुढची पानं वाचा की. कॅथरीनकडे पैसा नाही हे कळल्यावर तोच जनरल तिला सोबतीला कोणी न देता घराबाहेर काढतो. खून केला नसेल, पण माणूस दुष्ट आहे हे तिनं बरोबर ओळखलं होतं. शहाणीसुरती मंडळी त्याच्याशी अदबीनं वागत होती तेव्हा धोक्याचा वास हिलाच आला, आणि तो त्या 'फालतू' पुस्तकांमुळेच.

जुनापुराणा

मला नीतिमत्तेशी देणंघेणं नाही. माझी तक्रार वेगळी. या लोकांनी भीती घालवली.

व्हॅम्पायर देखणा आणि खानदानी असतो हे नवीन नाही. पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' 1819 ची. तो लॉर्ड बायरनचा डॉक्टर होता आणि त्याचा लॉर्ड रुथवेन बायरनवरच बेतलाय असं मानतात. रुथवेन उच्चभ्रू घरांत वावरतो, बायका भाळतात, आणि तो त्यांचा घास घेतो. गोष्टीचा नायक ऑब्री याला सगळं ठाऊक असतं, पण एक वर्ष आणि एक दिवस गप्प राहायची शपथ रुथवेननं त्याच्याकडून घेतलेली असते. मुदत संपेपर्यंत ऑब्रीच्या बहिणीचं त्याच रुथवेनशी लग्न लागतं आणि पुढे जे व्हायचं ते होतं. निशिगंधताई, नियम म्हणता ना? याला म्हणतात नियम. तुमच्या नायकांनी माणसांचं रक्त सोडलं, हरणं-अस्वलं मारून पोट भरायला लागले, आणि उरला नुसता गोरटेला मुलगा. कोंबडीवर संसार करणारा वाघ बघायला कोण रानात जाईल?

निशिगंध

जुनापुराणाकाका, रुथवेनच्या गोष्टीत ऑब्रीच्या बहिणीला काय वाटतं हे कुठे आहे? ती येते, लग्न करते, मरते. 'ड्रॅक्युला'तल्या (1897) ल्यूसीचंही तेच. तिचं शरीर म्हणजे पुरुषांची रणभूमी, रक्त देणारे पुरुष, खुंटी ठोकणारे पुरुष. 'भीती घालवली' म्हणता, पण ती भीती आपल्या घरची बाई पळवली जाईल याची होती. इथे पहिल्यांदा त्या बाईनं, त्यातही मुलीनं, स्वतः सांगायला घेतलं की मला त्याचं आकर्षण का वाटतं आणि भीती कुठे वाटते. 'ट्वायलाइट' बेलाच्या तोंडून आहे ही साधी गोष्ट तुम्ही लोक विसरता.

जुनापुराणा

'कार्मिला' विसरलात. 1872. ती मुलीच्याच तोंडून आहे, चावणारीही मुलगीच, आणि तरीही भीती शाबूत आहे.

निशिगंध

'कार्मिला'ला मी माझ्याच फळीवर ठेवते. धन्यवाद, एक साक्षीदार तुम्हीच आणून दिलात.

मधली_सुट्टी

मी या वयाच्या मुलांमध्ये रोज वावरते, म्हणून एक वेगळी गोष्ट मांडते. रात्री खोलीत शिरणं वगैरे मुलींना कळतं. 'मॅडम, हा फारच विचित्र आहे' असं त्या हसत सांगतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्या भागाची. एडवर्ड सोडून जातो आणि पुस्तकात चक्क रिकामी पानं येतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पानावर महिन्याचं नाव, बाकी काही नाही. मैत्रिणी, अभ्यास, वडील, कशालाच अर्थ उरला नाही. पुढे जीव धोक्यात घातला की त्याचा आवाज ऐकू येतो म्हणून ती मुद्दाम मोटारसायकल चालवते, कड्यावरून उडी मारते. आणि शेवटी त्या सगळ्याला बक्षीस मिळतं, कारण तो परत येतो. हे मला इंजिनाच्या भागापेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. खडूस यांची यादी ठळक आहे म्हणून सापडते, हे अलगद आत जातं.

निशिगंध

हा मुद्दा मी झटकणार नाही. पण ती चार पानं माझ्या मते त्या मालिकेतली सगळ्यात प्रामाणिक पानं आहेत. सोळा-सतराव्या वर्षी कोणी सोडून गेलं की मोठी माणसं म्हणतात, 'होईल ठीक, अजून आयुष्य पडलंय.' खरं असतं ते, आणि त्या वेळी कवडीच्याही उपयोगाचं नसतं. त्या मुलीला वेळ कसा गेला हे सांगायला शब्द नाहीत, म्हणून लेखिकेनं शब्द काढूनच टाकले. एवढं धाडस नामांकित लेखक करत नाहीत. आणि त्या खड्ड्यातून बेलाला बाहेर काढतो तो एडवर्ड नव्हे, जेकब. गॅरेजमध्ये मोटारसायकली खोलत बसणारा, गप्पा मारणारा, उबदार हातांचा मित्र. अर्धं पुस्तक मैत्रीवर आहे.

मधली_सुट्टी

मैत्रीवर आहे, आणि पुस्तक त्या मैत्रीला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतं. तो उबदार हातांचा मुलगा हरतो, थंड हातांचा जिंकतो. मुली हेच लक्षात ठेवतात. चार पानं प्रामाणिक आहेत हे मान्य. शेवट मात्र नाही.

लोपामुद्रा

अमानवी प्रियकर आणि मर्त्य प्रेयसी एवढंच धरून का बसायचं? उलटा पट ऋग्वेदातच आहे. दहाव्या मंडलातलं पुरूरवा-उर्वशी सूक्त काढा. ती अप्सरा, तो माणूस, आणि ती निघालीय. तो गयावया करतो, मी मरून पडेन, लांडगे मला खातील म्हणतो. ती सांगते, मरू नकोस, लांडग्यांनी तुला खाऊ नये, पण बायकांशी सख्य टिकत नसतं, त्यांची काळजं लांडग्यांची असतात. शतपथ ब्राह्मणात तर अट स्पष्टच आहे: तू मला नग्न दिसता कामा नये. गंधर्व तिचे लाडके मेंढे पळवतात, हा तसाच उठून धावतो, वीज चमकते, अट मोडते. निशिगंधच्या फूटपट्टीवर अगदी चोख बसतं. नियम आहे, किंमत आहे, आणि रिकाम्या महिन्यांतून जातो तो पुरुष.

खडूस

@लोपामुद्रा, पण उर्वशी जाते. सूक्तात ती त्याच्या रडण्यानं विरघळत नाही. तुमच्या कुमार-कादंबऱ्यांत कोणी जातं का? लव्ह ट्रँगल तीन-चार भाग ताणायचा, मग शेवटच्या पन्नास पानांत नियमाला पळवाट. बेलाला अमरत्व मिळतं, वर मूलही मिळतं, आई-वडीलही सुटत नाहीत. 'शिव्हर'चंही तेच. तापानं फणफणवून लांडगेपण जाळायचं. निशिगंध, तुझ्या फूटपट्टीला तुझीच आवडती पुस्तकं शेवटी दगा देतात. किंमत सांगतात भरपूर, वसूल करताना सूट.

तिरकस

स्पॉयलर म्हणून आधी लिहायची पद्धत होती एकेकाळी.

निशिगंध

@खडूस, 'शिव्हर'मध्ये तोच ताप दुसऱ्या एका मुलाचा जीव घेतो. सूट सगळ्यांना मिळत नाही. बेलाच्या बाबतीत तुझं बरोबर आहे, आणि ते लेखिकेलाही खटकलं असावं अशी मला शंका आहे. 2015 मध्ये तिनं 'लाइफ अँड डेथ' लिहिली. तीच गोष्ट, मुलगी व्हॅम्पायर आणि मुलगा माणूस. बेला सतत वाचवून घेणारी अबला आहे या टीकेला ते उत्तर होतं. पण तिथे शेवट बदललाय. मुलाला पहिल्याच पुस्तकात व्हॅम्पायर व्हावं लागतं आणि आई-वडिलांच्या लेखी तो मेलेला. पळवाट नाही. मूळ मालिकेपेक्षा तो शेवट मला जास्त पटतो.

तुला खरंच निघून जाणारं कोणी हवं असेल तर क्लॉजचीच 'ब्लड अँड चॉकलेट' (1997) वाच. त्यात लांडगी मुलगीच आहे. व्हिव्हियन सोळा वर्षांची, स्वतःच्या अंगावर, केसांवर, ताकदीवर खूश. माणसाच्या मुलावर, एडनवर, जीव जडतो. तो गूढ गोष्टींचा शौकीन, कवी वगैरे. ती विश्वासानं त्याच्यासमोर रूप बदलते आणि तो घाबरून किंचाळतो. तिथेच संपलं. 'खऱ्या प्रेमानं सगळं पचतं' हे त्या पुस्तकाला मान्यच नाही.

खडूस

वाचलं. दोन रात्री गेल्या, म्हणजे लिहिलंय जोरदार. एडनचा प्रसंग मानला.

पण शेवट? माणसानं नाकारलं म्हणून ही सोळा वर्षांची मुलगी कळपाच्या चोवीस वर्षांच्या म्होरक्याकडे जाते. गेब्रियल अर्धं पुस्तक तिच्या मागे लागलाय, ती नको म्हणतेय, आणि शेवटी तोच बरोबर ठरतो. एडवर्ड खिडकीतून आला, हा मोटारसायकलवरून. फरक काय?

निशिगंध

फरक हा की तो येतो तेव्हा ती अर्धी मुलगी अर्धी लांडगी अशा अवस्थेत अडकलीय, आणि त्या रूपात तिच्याकडे बघून न दचकणारा तो पहिला. वयाचं म्हणशील तर मलाही खुपतं, आणि त्याचं 'मागे लागणं' मी दुसऱ्यांदा वाचताना जास्त खुपलं. तरी विचारते. एडन चांगला मुलगा होता, समवयस्क होता, हळवा होता, तुझ्या सगळ्या अटींत बसत होता. लांडगेमाणसांना मारणारी चांदीची गोळी घेऊन कोण आला?