नोकरी न सोडता इमर्जन्सीचं पुढचं शिक्षण: कॅज्युअल्टीतल्या नर्सने काय निवडावं?

कोपरखैरणेची_सिस्टर:

नमस्कार. मी बीएससी नर्सिंग, नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आहे. आधी आयसीयूत होते. हे काम मला मनापासून आवडतं आणि यातच पुढे जायचंय.

छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा, हे आम्ही पाळतो. पण पट्टी हातात आल्यावर त्यातला एसटी हा भाग वर गेलाय की नाही, म्हणजे हार्ट अटॅक आहे का, हे मला स्वतःला ठामपणे सांगता यायला हवं. रात्री आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, वरच्या वॉर्डात अडकलेले असतात. ते खाली येईपर्यंत पेशंट माझ्याच भरवशावर असतो.

पूर्णवेळ शिकायला जाणं जमणार नाही. घराचा हप्ता आहे, शिवाय सासूबाईंचं डायलिसिस वाशीला, आठवड्यातून तीनदा. ठाण्यात शनिवार-रविवारचा एक ‘पीजी डिप्लोमा’ आहे, वर्षभराचा, फी माझ्या जवळजवळ चार पगारांएवढी. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा पार्ट-टाइम ऑनलाइन कोर्सही पाहिला. तिथे ६० क्रेडिटला सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा, १८० ला मास्टर्स. यातलं काय घ्यावं? इंडियन नर्सिंग कौन्सिलचे कोर्स कुणी केलेत का?

गाडीवरचा_डॉक्टर_ठाणे:

सिस्टर, मी बीएएमएस. १०८ च्या गाडीवर होतो, आता घोडबंदर रोडला एका हॉस्पिटलात आहे. फी भरण्याआधी एकच विचारा: हा डिप्लोमा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंदवता येईल का? उत्तर लेखी घ्या.

आम्हा डॉक्टरांनाही वीकेंडच्या फेलोशिपच्या जाहिराती सारख्या येतात. इमर्जन्सी मेडिसिन हा स्वतंत्र विषय म्हणून आपल्याकडे २००९ मध्ये मान्य झाला, आणि त्यातली एमडी तीन वर्षांची, पूर्णवेळ. फेलोशिपने शिकायला मिळतं, पण ती एमडीची जागा घेत नाही.

तुम्ही आधी एसीएलएस करा, म्हणजे हृदय बंद पडलं तर काय करायचं याचं प्रशिक्षण. थोड्या दिवसांचं काम, दोन वर्षं चालतं. ट्रॉमाची आवड असेल तर नर्सेससाठी एटीसीएन हा अपघाती जखमींच्या उपचारांचा कोर्स आहे, तो डॉक्टरांच्या तशाच एटीएलएस कोर्ससोबत घेतात.

इनचार्ज_नेरूळ:

अगं, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. डिग्रीआधी तू ईसीजीचं विचारलंस.

कौन्सिलचं आधी सांगते. इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एक वर्षाचा. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, म्हणजे बहुतेक शिकणं पेशंटजवळ उभं राहूनच. तुझा आयसीयूचा अनुभव तिथे उपयोगी पडेल. पण दोन्ही पूर्णवेळ. उद्या सरकारी नोकरीत जायचं असेल किंवा कॉलेजात शिकवायचं असेल, तर मान्यतेचा कागद लागतोच, आणि तेव्हा यातलंच काही करावं लागेल. आज घर सोडून जाता येत नाही, तर त्याची खंत करू नकोस.

ब्रिटनचा कोर्स वाईट मुळीच नाही. पेशंटला काय विचारायचं, कसं तपासायचं, घरी कुणाला सोडायचं नाही, हे ते फार शिस्तीत शिकवतात. तिथल्या नर्सेस वेगळं प्रशिक्षण घेऊन औषधंही लिहून देतात. तुला तो अधिकार तिथल्या पदवीमुळे इथे मिळणार नाही. शिवाय अशा कोर्सला बहुधा कामाच्या जागी तुझं काम बघून सही करणारं कुणीतरी लागतं. तुझे कन्सल्टंट ते करतील का, हे आधी विचार.

आणि आपल्याकडचे पेशंट त्यांच्या धड्यांत फारसे नसतात. पावसाळ्यात उरण-पनवेलकडून साप चावलेले येतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ही तपासणी चालत नाही, हे माझ्या प्रत्येक नव्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात सांगते. ठाणे-बेलापूर रोडच्या केमिकल कंपन्यांतून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने भाजलेला कामगार आला, तर जखम किरकोळ दिसते आणि माणूस मात्र वेदनेने तळमळत असतो. भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावायचं आणि हृदयाचा मॉनिटर लावायचा, कारण रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने उतरतं. तुमच्या क्रॅश कार्टजवळ, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीजवळ, ते जेल आहे का, आजच बघ.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव तू ऐकलं असशीलच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे त्यांनी दाखवलं, तेही रायगडच्या ग्रामीण भागात पेशंटजवळ बसून, बारीक नोंदी ठेवून. नोंदींचं मोल मला त्यांच्या कामातून कळलं.

म्हणून ठाण्याच्या कोर्सबद्दल मी म्हणेन, वर्गाचं वेळापत्रक बाजूला ठेव आणि लॉगबुक दाखवा म्हण. त्यात किती ईसीजी तू वाचलेस, किती पेशंटचा श्वासमार्ग (एअरवे) मोकळा ठेवायला मदत केलीस, आणि शेजारी कोण उभं होतं, याला रकाने आहेत का? नुसते पीपीटी आणि शेवटी परीक्षा असेल, तर चार पगार घालू नकोस.

कोपरखैरणेची_सिस्टर:

ताई, सर, खूप आभार. काचेच्या ट्यूब आहेत, जेल नाही. फार्मसीला आजच लिहून देते. ठाण्याच्या कोर्सवाल्यांना फोन केला. लॉगबुक आहे म्हणाले, पण पोस्टिंग ‘तुमच्याच हॉस्पिटलात करा’. आमच्या मेट्रन, म्हणजे नर्सेसच्या प्रमुख, मात्र म्हणाल्या, हॉस्पिटल निम्मी फी भरेल, बदल्यात ठरावीक काळ इथेच नोकरी करण्याचा बाँड.

इनचार्ज_नेरूळ:

म्हणजे उभं कुणी राहणार नाही, सही तुझ्याच आरएमओची. मग तो कोर्स राहू दे. मेट्रनना सांग, त्याच पैशात एसीएलएस आणि एटीसीएन करून द्या, आणि आठवड्यातून एकदा कन्सल्टंटनी कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांना घेऊन त्या आठवड्याचे ईसीजी वाचावेत. ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. लकव्याच्या केसही घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याच्या साडेचार तासांचं गणित ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं’ इथून सुरू होतं. झोपेतून उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपायला गेले ती वेळ धरायची. हा प्रश्न नातेवाइकांना दारातच आपण नर्सेस विचारतो.

बाँडवर सही करायचीच झाली तर किती महिने थांबायचं आणि कोर्सच्या दिवशी ड्युटी बदलून मिळेल का, दोन्ही लिहून घे. ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडे ठेवू नकोस, झेरॉक्स दे. एसीएलएसची पुढची बॅच लागली की तारीख इथे टाकते, डायलिसिसचा वार सोडून असली तर नाव घाल.