कोरियन की बल्गेरियन? मराठी माणसाला कुठली झेपेल?

चौकसबुद्धी:
नवी भाषा शिकायची आहे, निव्वळ हौस म्हणून. नोकरी, परीक्षा असलं काही डोक्यात नाही. घोडं दोन नावांवर अडलंय: बल्गेरियन आणि कोरियन. (हीच दोन का, ते विचारू नका.) अमेरिकन परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था बल्गेरियनसाठी साधारण ११०० तास आणि कोरियनसाठी २२०० तास धरते असं वाचलं. म्हणजे कोरियन सरळ दुप्पट अवघड? दोन्हींशी झटापट केलेलं कोणी आहे का इथे? व्याकरणात शिरलात तरी चालेल, कंटाळणार नाही.

तिरपागडे:
ते तास इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत, तुमचे नव्हेत. मी दोन्हींवर हात मारलाय, बल्गेरियनवर जास्त, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

कोरियन वाक्याची ठेवण आपलीच. 'नानुन चिबेसॉ छेगुल इल्गॉयो': मी, घरात, पुस्तक, वाचतो. क्रियापद शेवटी, नामाला मागून प्रत्यय. इंग्रजीवाल्याला इथेच घाम फुटतो. शिवाय लिंग नाही, आणि 'इल्गॉयो' हे मी, तू, ती सगळ्यांना तेच. बल्गेरियनमध्ये हेच 'आज चेता क्नीगा फ्कश्ती': मी वाचतो पुस्तक घरी. रशियनसारख्या तिच्या बहिणींनी विभक्त्या जपून ठेवल्यात, हिने नामांच्या विभक्त्या जवळजवळ मोडीत काढल्या. 'ना इवान' म्हणजे इवानचा आणि इवानलाही. काय ते संदर्भाने ओळखायचं.

तीन लिंगं आहेत, पण आपल्यासारखी छळत नाहीत. शेवटी व्यंजन तर बहुधा पुल्लिंग, 'आ' तर स्त्रीलिंग, 'ओ' किंवा 'ए' तर नपुंसकलिंग. थोडे अपवाद सोडले तर संपलं. भूतकाळाच्या एका रूपात तर घरी आल्यासारखं वाटतं: दोशल, दोश्ला, दोश्लो. आला, आली, आलं! तिथेही ल, इथेही ल. (लगेच नातं जोडू नका. आपला ल प्राकृतातल्या 'इल्ल'वरून आला असं मानतात.)

आता माझ्या आवडीची गोष्ट. 'तोय दोयदे' म्हणजे तो आला, आणि ते मी खात्रीने सांगतोय. 'तोय दोशल' म्हणजे तो आला म्हणे. आपण 'म्हणे' लावलं तर लावलं, नाही तर नाही. बल्गेरियनमध्ये ते क्रियापदाच्या अंगातच असतं. शेजारच्यांचं भांडण ऐकीव असताना पहिल्या रूपात सांगितलंत, तर समोरचा धरून चालेल की तुम्ही तिथे उभे होतात. लोककथा याच 'म्हणे'च्या रूपात सांगतात, कारण राजकन्येला पाहिलंय कोणी? कोरियनमध्येही सोय आहे: 'वास्सॉयो' आला, 'वात्तेयो' आला म्हणे. फक्त तिथे मुळात 'असं म्हणतात' हे शब्द आक्रसून शेपूट झालंय. इंग्रजीला यासाठी वेगळे शब्द जोडावे लागतात, आपल्याला एक 'म्हणे' पुरतं. तुमच्या त्या तासांत हे कुठे मोजलंय?

अनुनासिका:
मी फक्त कोरियन शिकतेय, त्यामुळे अर्ध्याच गोष्टीवर बोलते. वाक्यरचना आपल्यासारखी हे खरं, पण त्यावर विसंबून राहिलात की आदरार्थी रूपं गाठतात. 'पाऊस पडतोय' हे आपण कोणालाही म्हणू शकतो. कोरियनमध्ये मैत्रिणीला 'पी वा', जरा अंतर ठेवून 'पी वायो', सभेत किंवा बातम्यांत 'पीगा ओम्निदा'. पावसाला आदर नाही द्यायचाय, ऐकणाऱ्याला द्यायचाय! पायरी ठरवल्याशिवाय वाक्य संपवताच येत नाही.

उच्चारांचंही ऐका. 'ताल' चंद्र, 'थाल' मुखवटा, आणि तिसरा घसा आवळून काढलेला 'त्ताल' म्हणजे मुलगी. थ आपल्याला फुकटात मिळतो. पण आपला नेहमीचा त त्यांच्या कानाला या आवळलेल्या त्त सारखा लागतो. म्हणजे तुम्ही चंद्राकडे बोट दाखवताय आणि तोंडातून निघतेय मुलगी. लिपी चटकन येते हे खरं (राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली, व्यंजनांचे मूळ आकार जीभ, ओठ, दात, घसा यांवरून), पण लिहितात 'तोक-रिप' आणि म्हणतात 'तोंग्निप'.

गप्पिष्ट:
कोरियन मुळात तमिळमधून निघालीये ना? ते आईला ऑम्मा म्हणतात, वडिलांना आप्पा. मग मराठी माणसाला सोपी जाणारच.

तिरपागडे:
@गप्पिष्ट, आई-बापाच्या नावात म आणि प जगभर सापडतात, कारण बाळाला आधी तेच जमतात. होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना छापली होती, पण आज भाषाशास्त्रज्ञ ते नातं मानत नाहीत. ओळखीचे शब्दच हवेत तर बल्गेरियनकडे या. 'ओगन' म्हणजे अग्नी, 'मेद' म्हणजे मध. ही खरी भाऊबंदकी. शिवाय तुर्कांच्या राजवटीतून शिरलेले 'तेफ्तेर' (आपलं दफ्तर) आणि 'शिशे' (बाटली, आपली शिशी).

@अनुनासिका, पावसाचं मान्य. पण दुसरी बाजू पाहा. मैत्रिणीला आजीबद्दल सांगताना 'हाल्मॉनी ओश्यॉस्सॉ': आदर आजीला, सलगी मैत्रिणीशी. आपण 'आजी आल्या गं' म्हणतो तेव्हा हेच करतो. दोन माणसांचा मान एका वाक्यात वेगवेगळा सांभाळायची सवय आपल्याला आहे.

चौकसबुद्धी:
बल्गेरियनकडे झुकतोय. त्यात रडवणारं काय आहे ते आत्ताच सांगून टाका.

तिरपागडे:
निश्चिततेचा प्रत्यय. घर 'कश्ता', ते ठरावीक घर 'कश्ताता'. पण विशेषण आलं की प्रत्यय उडी मारून त्याच्यावर बसतो: 'गोल्यामाता कश्ता', ते मोठं घर. पुल्लिंगी नामाला आणखी भानगड: खुर्ची कर्ता असेल तर 'स्तोलत', नसेल तर 'स्तोला'. बोलताना हे फारसं कोणी पाळत नाही, लिहिताना खुद्द बल्गेरियनांची तारांबळ उडते.

त्याहून मोठं दुखणं क्रियापदांचं. एक घेणं पूर्ण होणारं, 'कुप्या', आणि एक चालू किंवा नेहमीचं, 'कुपुवाम'. जोडीनेच पाठ करा, सुटं केलंत तर नंतर दुप्पट मेहनत. आणि कोशात 'खाणे' शोधू नका. त्या भाषेत तसं रूपच उरलेलं नाही, 'मी खातो' या रूपाखाली बघा: याम.