श्रावणात ठेवलेली दाढी आता ठेवायचीच आहे, पण तेल घेऊ, बाम घेऊ की वॉश?

निगडी_ते_चाकण

नमस्कार मंडळी. आमच्याकडे श्रावण पाळतात त्यामुळे दरवर्षी महिनाभर दाढी वाढते आणि गणपती यायच्या आधी साफ होते, पण यावेळी बायको म्हणाली ठेव, चांगली दिसतेय, म्हणून ठेवली. आता सव्वादोन महिने झालेत, इंचभर तरी असेल. दिसायला छान आहे पण त्रास सुरू झालाय. हनुवटीखाली खाज येते, काळा टीशर्ट घातला की छातीवर पांढरा भुगा पडलेला दिसतो आणि गालावरचे केस नारळाच्या काथ्यासारखे राठ लागतात. चाकण एमआयडीसीत कामाला आहे, बाईकने येऊन जाऊन चाळीस एक किलोमीटर होतात, हेल्मेट आणि धूळ रोजचीच.

आत्ता मी करतो काय, तर अंगाचाच साबण दाढीला लावतो आणि रात्री झोपताना खोबरेल तेल चोपडतो. ऑनलाइन बघायला गेलो तर डोकं गरगरलं, बिअर्ड ऑइल, बाम, बटर, वॅक्स, सीरम, ग्रोथ ऑइल, वॉश, कंडिशनर, सगळं एकत्र असलेला किट दीड हजाराला. बजेट पाचसहाशे आहे. रोजच्या वापराला यातलं खरंच काय लागतं? आणि उजव्या जबड्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी आहे, आधी तिथे केस होते असं वाटतं, ती ग्रोथ ऑइलने भरेल का?

सलून_साताऱ्याचं

दादा, आमचं सलून वडलांच्या वेळेपासूनचं आहे, गेल्या आठदहा वर्षांत दाढी ठेवणारी पोरं इतकी वाढली की आता वस्तऱ्यापेक्षा ट्रिमर जास्त चालतो. तुमच्यासारखी तक्रार आठवड्यातून दोनतीन गिऱ्हाइकं करतात. मी सगळ्यांना एकच विचारतो, तेल केसाला लावता का कातडीला? बहुतेक जण वरवर केसावर फिरवतात, चमक येते आणि खाली कातडी कोरडीठाक. दाढीचं तेल आहे ते खालच्या कातडीसाठी, केसाला जे लागायचं ते आपोआप लागतं.

पद्धत सांगतो. अंघोळ झाली की टॉवेलने दाढी टिपून घ्यायची, खसाखसा पुसायची नाही, थोडी ओलसर असतानाच इंचभर दाढीला चारपाच थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे आणि बोटं उलटी, म्हणजे गळ्याकडून वर हनुवटीकडे घालायची. बोटांची टोकं कातडीला लागली पाहिजेत. मग हातावर जे राहिलं ते वरून आणि मिशीला. शेवटी फणी. फणी कडुनिंबाच्या लाकडाची घ्या, प्लॅस्टिकच्या स्वस्त कंगव्याच्या दातांना साच्याची धार राहिलेली असते, त्यात केस ओढला जातो आणि तुटतो.

आता बाम आणि बाकीचं. बाम म्हणजे तेलात शिया बटर, म्हणजे शियाच्या बियांची घट्ट चरबी, आणि मधमाशीचं मेण घातलेलं. मेणामुळे केस बसतात. बटरमध्ये मेण नसतं किंवा अगदी थोडं, ते नुसतं मऊ करतं. वॅक्समध्ये मेण भरपूर, ते मिशीला पीळ द्यायला. तुमची दाढी इंचभर आहे, हेल्मेट काढल्यावर एका बाजूला चपटी होत असणार, तर बाम उपयोगी पडेल पण तो नंतरचा विषय. आधी खाज घालवा.

आणि महिन्यातून एकदा तरी आकार द्यायला कुठल्याही चांगल्या सलूनमध्ये जा. गळ्याची रेघ जबड्याच्या हाडावर घेऊ देऊ नका, ती खाली घ्या म्हणावं, गळ्याच्या घाटीच्या साधारण दोन बोटं वर. रेघ वर गेली की बोलताना दाढी तोकडी दिसते आणि ती चूक भरून यायला महिना जातो, कारण केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो.

लातूर_बोअर

साबण आजच्या आज बंद करा. मी दोन वर्षं हेच भोगलंय. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीला पांढरे थर धरतात इतकं जड, त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट मळी तयार होते, ती केसावर बसते आणि केस राठ होतात. मला वाटायचं माझे केसच तसे, म्हणून तेलावर तेल. नंतर साबण सोडून साधा सौम्य शाम्पू घेतला, आठवड्यातून तीनदा, आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. तीन आठवड्यांत फरक पडला, तोही पाच रुपयांची शाम्पूची पुडी वापरून. बिअर्ड वॉश म्हणून वेगळी बाटली घ्यायलाच पाहिजे असं मला वाटत नाही, सौम्य शाम्पू किंवा फेसवॉशने काम होतं. इतर दिवशी नुसत्या पाण्याने धुवायची, तुमच्या धुळीसाठी तर घरी आल्या आल्या.

फार्मसी_कोल्हापूर

मी मेडिकल दुकान चालवते, बी. फार्म. आहे. वरच्या तिघांचं वाचलं आणि मला तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीची काळजी वाटली. आधी केस होते आणि आता नाण्याएवढी गोल जागा मोकळी आहे, खाली कातडी गुळगुळीत आहे का बघा. तसं असेल तर ती चाई असू शकते. डोक्याला पडते तशी दाढीलाही पडते. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, तिथे कुठलंही ग्रोथ ऑइल चालत नाही. कांद्याचा रस, लसूण चोळून कातडी भाजलेले लोक माझ्याकडे मलम मागायला येतात, ते करू नका. आणि तिथे कातडी लाल, खवलेवाली, कडेला उठलेली असेल तर गजकर्ण असू शकतं, त्याचं औषध पूर्ण वेगळं. कृपा करून स्टिरॉइड मिसळलेलं मलम स्वतःहून आणून लावू नका, गजकर्णावर ते लावलं की आधी दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात.

दुसरं भुग्याचं. तो नुसता कोरडेपणा आहे की कोंडा, हे आधी ठरवायला हवं, कारण दोघांचे उपाय उलटे आहेत. कोरडी कातडी असेल तर भुगा बारीक, सुका असतो आणि तेलाने लगेच थांबतो. कोंडा असेल तर पापुद्रे थोडे तेलकट पिवळसर, खाली लालसर, बहुतेक वेळा भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही असतो. कोंड्यामागे मॅलसेझिया नावाची बुरशी असते, ती सगळ्यांच्याच कातडीवर राहते आणि तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगते. खोबरेल, तीळ, बदाम, ऑलिव्ह, सगळं तिचं खाद्य. तुम्ही रोज रात्री खोबरेल लावताय आणि तरी भुगा थांबत नाही म्हणजे मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. तेल पंधरा दिवस बंद ठेवा आणि केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस कातडीपर्यंत पोचवून पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं चार आठवडे. डॉक्टरांकडे जाणारच आहात तर त्यांना विचारूनच सुरू करा.

तेल घ्यायची वेळ आली की बाटलीची पुढची बाजू बघू नका, मागची बघा. घटक जास्त ते कमी या क्रमाने लिहिलेले असतात. पुढे मोठ्या अक्षरात आर्गन (हे एक महाग तेल) आणि मागे आर्गन सुगंधाच्याही खाली असेल तर ते दोनचार थेंब आहेत असं समजा. पहिलं नाव लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल तर लोक घाबरतात, घाबरायचं कारण नाही, ते कातडीवर थर धरून ओलावा अडवतं आणि बुरशीला ते खाताही येत नाही, फक्त त्याला चारशे रुपये द्यायची गरज नाही. पहिलं नाव जोजोबा असेल तर पैसे वसूल. जोजोबा खरं म्हणजे तेल नाहीच, पातळ मेण आहे, आणि आपल्या कातडीतून जो तेलकटपणा येतो त्यातही तशाच मेणाचा भाग असतो, म्हणून ते चिकट लागत नाही. त्याची लागवड राजस्थानातही होते.

वासाचंही सांगते. लिंबू, बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं फळ) यांच्या अर्काचं प्रमाण जास्त असलेलं तेल लावून तुमच्यासारखं उन्हात बाईक चालवलं तर कातडी काळवंडू शकते. टी ट्री ऑइल नुसतं कधीच लावू नका. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा.

बावीस_पूर्ण

ताई मध्येच विचारतो, माझे गाल अजून भरले नाहीत, मित्र मिनॉक्सिडिल लाव म्हणतो आणि बायोटिनच्या गोळ्या चालू केल्यात, बरोबर आहे का?

फार्मसी_कोल्हापूर

बावीस म्हणजे अजून वेळ आहे, बऱ्याच जणांची दाढी तिशीपर्यंत भरत जाते, वडील आणि मामांचे या वयातले फोटो बघ. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, नंतर डोक्याच्या केसांसाठी आलं. दाढीसाठी डॉक्टर कधीकधी देतात पण ते त्यांनी तपासून द्यायचं असतं, मित्राने नाही. छातीत धडधड होऊ शकते, आणि घरात मांजर असेल तर फार जपायला हवं, मांजराला ते विषासारखं आहे, चेहऱ्याचं चाटलं तरी. बायोटिन हे जीवनसत्त्व अंगात कमी नसताना खाऊन दाढी येत नाही. आणि गोळ्या चालू असतील तर थायरॉईडची रक्ततपासणी करताना लॅबला नक्की सांग, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

विदर्भ_४५

भाऊ, मी नागपूरचा, बामबद्दल मी सांगतो कारण तीन वर्षं वापरतोय आणि आता घरीच बनवतो. विकतचा पहिला डबा मी मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत विसरलो, पाणी झालं, परत गोठल्यावर रव्यासारखे दाणे. खराब झाला असं समजून टाकून दिला. नंतर कळलं की शिया बटर हळूहळू थंड झालं की दाणेदार होतंच, परत वितळवून डबा पटकन फ्रीजमध्ये ठेवला की गुळगुळीत. टाकायची गरज नव्हती.

मी करतो ते असं, वजनाने एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग शिया, तीन भाग जोजोबा किंवा बदाम तेल. मेणाला वितळायला साठाच्या वर डिग्री लागतात म्हणून पातेल्यात पाणी, त्यात वाटी, मंद गॅस, आधी मेण मग बाकी. उन्हाळ्यात मेण थोडं वाढवतो, हिवाळ्यात कमी, नाहीतर नखाने खरवडावं लागते. मेण महाबळेश्वरकडच्या एका मधपाळाकडून मागवतो, वर्षाला पाव किलो पुरून उरते. नखावर येईल एवढाच घ्यायचा, तळहातावर पूर्ण वितळू द्यायचा मग लावायचा, दाण्यासकट लावला तर केसात पांढरे कण राहतात आणि परत कोंडाच वाटतो.

पण एप्रिल मे मध्ये मी बाम बंदच ठेवतो, घाम आणि मेण मिळून गालावर पुटकुळ्या येतात. तेव्हा दोन थेंब तेल आणि रोज पाण्याने धुणे, बस.

श्टुटगार्ट_हून

इकडे जर्मनीत हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं, हवा इतकी कोरडी होते की इथे मला उलट तेल आणि त्यावर बटर दोन्ही लागतं. पुण्याहून आणलेलं खोबरेल तर बाटलीत दगड होतं, ते चोवीस पंचवीस डिग्रीच्या खाली गोठतंच. म्हणजे कोण काय वापरतो यापेक्षा कुठे राहतो ते आधी विचारा. पुण्याच्या हवेत वर्षातले आठ महिने बटर लागणार नाही असं माझं मत, मी तिथे बारा वर्षं काढलीत.

निगडी_ते_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार, साडेतीन आठवड्यांनी लिहितोय. ताई, तुमचं वाचून त्याच शनिवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी भिंगातून बघितलं आणि चाईच निघाली. तिथे बारीक सुईने इंजेक्शनं दिली, परत महिन्याने बोलावलंय. काल आरशात बघितलं तर कडेला पांढरी लव दिसतेय, डॉक्टर म्हणाले होते सुरुवातीला पांढरेच येतात. तुम्ही लिहिलं नसतं तर मी ग्रोथ ऑइलची बाटली मागवली असती, कार्टमध्ये टाकून ठेवली होती.

भुगा म्हणजे कोंडाच होता, नाकाच्या कडेलाही होता पण माझं लक्षच नव्हतं. केटोकोनाझोलचा शाम्पू चालू आहे, खोबरेल बंद, साबण बंद. खाज दुसऱ्या आठवड्यातच थांबली. गेल्या रविवारपासून तेल सुरू केलं, ३० मिलीची बाटली घेतली, पहिलं नाव जोजोबा, वास नसलेली, साडेतीनशेला. कोपराला दोन दिवस लावून बघितलं मग गालाला. चार थेंब, ओल्या दाढीला, खालून वर, सलूनवाल्या दादांनी सांगितलं तसंच. बाम सध्या घेतला नाही, थंडी पडली की नागपूरच्या भाऊंच्या मापाने घरीच करून बघतो.

एकच राहिलं, कडुनिंबाची फणी तुळशीबागेत कुठल्या बाजूला मिळेल? दोन चकरा मारल्या, सगळीकडे मोठ्या केसांचेच कंगवे दिसले.