नवा गाइड डॉग: ओळखीच्या रस्त्यावर अडतो, गल्लीतली कुत्री मागे लागतात

वसमत_रोड
नमस्कार मंडळी. परभणीत राहतो, अजिबात दिसत नाही. संस्थेतलं ट्रेनिंग उरकून लॅब्राडोर मादी घरी आलीय. तिकडे छान चालायची. इथे घरापासून मोंढ्यातल्या बँकेपर्यंत मध्येच उभी राहते, ‘फॉरवर्ड’ म्हटलं तरी हलत नाही. उभ्या मोटरसायकलींना माझा उजवा गुडघा घासतो. गल्लीतली कुत्री भुंकत मागे येतात ते वेगळंच. आई तिला भाकरी टाकते, ते थांबवावं का? आणि उन्हाळ्यात काय करायचं?

हार्नेस_आणि_पट्टा
दादा, ती थांबली की ‘फॉरवर्ड’चा धोशा लावू नका. समोर बहुतेक काहीतरी असतंच: उघडी नाली, स्पीडब्रेकर, उखडलेले गट्टू, रस्त्यात बसलेली गाय. जागेवरूनच उजवा पाय हळू पुढे सरकवून जमीन चाचपा, मग उजवा हात चेहऱ्यासमोर धरून पुढे फिरवा. लोंबती वायर किंवा पत्र्याची कड हातालाच लागते. सापडलं की तिथेच शाबासकी, मग पुढची आज्ञा. काहीच हाती लागलं नाही तर कान द्या, गाडी येत असेल. ई-रिक्षा तर जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. आज्ञा मोडून थांबणं तिला मुद्दाम शिकवलेलं असतं. चार वेळा पुढे ढकललीत तर ती थांबणंच सोडून देईल, आणि ते परत बसवायला फार त्रास होतो.

हेही ध्यानात घ्या, नव्या गावातली बँक कुठे आहे हे तिला अजून ठाऊक नाही. डावं-उजवं तुम्हीच सांगायचं. रस्ता कधी ओलांडायचा तेही वाहनांच्या आवाजावरून तुम्हीच ठरवायचं, सिग्नलचे रंग ती वाचत नाही.

गुडघा घासतो त्याचं कारण बरेचदा हार्नेसचं (तिच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाचं) हँडल धरण्यात असतं. डावा हात सैल, शरीराजवळ. हँडल बोटांत हलकं, तिची ओढ कळेल एवढंच. मूठ आवळून मागे खेचलं की तुम्ही उजवीकडे बाहेर फेकले जाता, आणि तिने तुमच्यासाठी धरलेली जागा अपुरी पडते. पोटाखालचा पट्टाही तपासा, दोन बोटं सरकतील इतका सैल हवा. जास्त सैल असेल तर हार्नेस एका बाजूला कलंडतो.

घासलं तर तसंच पुढे जाऊ नका. थांबा, गाडीच्या सीटवर हाताने थापटून तिला दाखवा, पाच-सहा पावलं मागे या, पुन्हा ‘फॉरवर्ड’. नीट वळसा घातला की कौतुक. रागावू नका, तिला फक्त दुसरी संधी द्यायची आहे.

नांदेडकर_ताई
गल्लीतल्या कुत्र्यांसाठी सगळ्यात आधी पट्टा, म्हणजे तिच्या गळ्यातली हातात धरायची दोरी, सैल ठेवा. भुंकणं ऐकलं की आपला हात आपोआप आवळतो, आणि ती भीती पट्ट्यातून थेट तिच्यापर्यंत जाते. चाल तीच ठेवा. ती वळून पाहायला लागली तर ट्रेनरने लक्ष परत आणायला शिकवलेला शब्द वापरा. गल्लीतली कुत्री अगदी अंगावर आली तर थांबा, हँडल सोडा पण पट्टा नाही, तिला भिंतीच्या बाजूला घ्या आणि घडीची काठी जमिनीवर आपटा. काठी पिशवीत असायलाच हवी. चावा बसला, तुम्हाला किंवा तिला, तर जखम वाहत्या पाण्याने साबण लावून 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वरचेवर जायच्या वाटेवर कुणी त्या कुत्र्यांना खाऊ घालत असेल तर जागा बदलायची विनंती करा, त्याने खरंच फरक पडतो.

आईंना माया करायला मनाई नाही, हार्नेस उतरला की खुशाल करू द्या. पण सुरुवातीचे काही महिने खाणं फक्त तुमच्याच हातून, मोजून, ठरल्या वेळी. भाकरीसोबत भाजीतला कांदा पोटात गेला तर कुत्र्याचं रक्त बिघडतं. शिवाय घरात ताटातलं मिळायला लागलं की ती हॉटेलात टेबलाखाली नाक घालणार.

लातूर_ऊन
एप्रिल-मेमध्ये चालणं सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. तेव्हाही डांबरावर हाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवून बघा. हात ठेववत नसेल तर तिचे पंजे पोळणार. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले की सावलीत न्या, पोटावर आणि मांड्यांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि जनावरांच्या डॉक्टरकडे पळा. रोज संध्याकाळी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड चाचपा, त्यांचा ताप इकडे फार.

बँकेचं दार शिकवायचं तर उलट्या बाजूने सुरू करा. आधी दारालाच उभे राहा, हँडलवर थाप, ‘दार’ म्हणा, तिचं नाक लागलं की खाऊचा एक दाणा. मग दोन पावलांवरून, मग दहा, मग कोपऱ्यावरून. दाणे तिच्या रोजच्या मापातूनच काढा, नाहीतर वजन वाढतं.

वसमत_रोड
मनापासून आभार. एक राहिलं, ती शी करते तेव्हा जागा कशी शोधायची?

नांदेडकर_ताई
हार्नेस काढून, पट्ट्यावर. ती स्थिर झाली की पाठीवरून हात फिरवा. पाठ उताराला सरळ असेल तर लघवी, कमानीसारखी गोल झाली तर शी. गोल लागली की हात शेपटीपर्यंत न्या, खाली पायाची टाच रोवून खूण करा. ती बाजूला झाली की कॅरीबॅग हातात उलटी घालून टाचेजवळ चाचपा, उचला आणि पिशवी सुलटी करून गाठ मारा. कामाला निघण्याआधी हे झालंच पाहिजे.